नखरेल समुद्री माशाचं क्वारंटाइन: आधी पोट, मग औषध

कॉपरबँड बटरफ्लाय हा मासा मी आजवर तीनदा घरी आणला. पहिला पाचव्या दिवशी गेला आणि जाताना माझ्या चार फुटी टँकमधले सगळे मासे घेऊन गेला. दुसरा क्वारंटाइनमध्येच उपाशी मेला. तिसरा मी हे लिहितेय तेव्हा काचेला लांब चोच लावून जेवणाची वाट बघतोय.

पहिल्या वेळी मी क्वारंटाइन केलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी केलं, आणि अगदी शिस्तीत केलं. पहिल्याच दिवसापासून पाण्यात कॉपर, म्हणजे परजीवी मारणारं तांब्याचं औषध. औषधाची पातळी बिनचूक होती, अमोनिया शून्य होता, अंगावर एकही ठिपका नव्हता. फक्त मासा खात नव्हता. बाराव्या दिवशी तो पाइपच्या तुकड्यात आडवा पडलेला सापडला. कॉपरनं माशाची भूक मरते हे मला माहीत होतं, पण जो आधीच खात नाही त्याची आणखी काय मरणार, असा माझा सोयीस्कर हिशोब होता.

क्लाउनफिश, डॅमसेल असे मासे पहिल्या संध्याकाळीच गोळ्यांवर तुटून पडतात. त्यांनाही क्वारंटाइन लागतंच, पण त्यांना नेहमीचा क्रम, म्हणजे पहिल्या दिवसापासून औषध, चालतो. नखरेल माशाला तो उलटा करावा लागतो. तो कसा, ते पुढे सांगते. उदाहरण कॉपरबँडचं घेतलंय, पण मँडरिन, लेपर्ड रास, अँथिअस यांनाही बराचसा भाग लागू होतो. जिथे फरक आहे तिथे सांगेन.

मूरिश आयडॉल मनात असेल तर पहिल्या दोन वर्षांत नको. आणि सागरी घोडा कुणी देऊ केला तर सरळ नाही म्हणा. सागरी घोडे आणि पाइपफिश यांच्या सगळ्या कुळाला २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ‘कोण बघतंय’ हे दुकानदाराचं उत्तर असतं, तुमचं असू नये.

साहित्य काय लागेल

- साधी काचेची टाकी, दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. झाकण किंवा जाळी हवीच.
- रिकामी दुसरी टाकी किंवा मोठा प्लास्टिकचा क्रेट. शेवटच्या टप्प्यात लागतो.
- दोन स्पंज फिल्टर, एअर पंप आणि लाइट गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा पंप.
- पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो, दीड-दोन इंची. नळसामानाच्या दुकानात मिळतात. चुनखडीचा दगड आणि वाळू नको, दोन्ही औषध शोषतात.
- रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजायचं उपकरण, आणि तो जुळवायला ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावण.
- थर्मामीटर, अमोनियाची टेस्ट किट, कॉपर मोजायचं डिजिटल यंत्र.
- सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा.
- प्राझिक्वांटेल (जंतांवरचं औषध) पावडर आणि चिलेटेड कॉपर (दुसऱ्या रसायनात बांधलेलं तांबं). दोन्ही मासा आणण्याआधी घरात हवीत.
- काळं प्लास्टिकचं घमेलं. हो, बांधकामावरचंच, पण नवं.
- वेगळी जाळी, वेगळी नळी, वेगळी बादली. त्यांना रंगीत टेप लावा.

कॉपर मोजायच्या यंत्रावर पैसे वाचवू नका. रंग जुळवून बघायच्या किटमध्ये निळसर-हिरव्या दोन छटांतला फरक रात्री ट्यूबलाइटखाली कळत नाही, आणि तेवढ्या फरकात मासा वाचतो किंवा मरतो.

१. तयारी मासा आणण्याच्या महिनाभर आधी

स्पंज फिल्टर मुख्य टँकच्या संपमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत, टाका आणि विसरून जा. चार ते सहा आठवड्यांत त्यात अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वसतात. नवा कोरा स्पंज लावून मासा सोडलात तर तिसऱ्या दिवशी अमोनिया चढतो आणि तुम्हाला वाटतं, मासा आजारी आहे.

मीठ सागरी मत्स्यालयाचंच हवं. स्वयंपाकाचं जाडं मीठ चालत नाही, त्यात समुद्राचे बाकीचे क्षार नसतात. चौपाटीवरून कॅन भरून आणायचा विचारही नको. लीटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम मीठ पडतं, पण वजनावर न जाता रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ येईपर्यंत घाला आणि रात्रभर फिरू द्या.

पाणी आरओचं. घरच्या पिण्याच्या आरओ मशीनमध्ये बहुतेक वेळा टीडीएस कंट्रोलर असतो. तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, म्हणून मीटरवर चाळीस-पन्नास दिसतं. क्वारंटाइनपुरतं त्यानं फार बिघडत नाही, रीफ टँकला (कोरल असलेल्या टँकला) मात्र शून्यच हवं. तेव्हा एकदाच काय तो उरलेले क्षार काढणारा डीआय रेझिनचा फिल्टर जोडून घ्या.

टाकीत नेमकं किती लीटर पाणी आहे हे आत्ताच मोजून काचेवर मार्करनं लिहा. माझी आतून ६० सेंमी लांब आणि ३८ रुंद आहे, पाणी ३३ सेंमीपर्यंत भरते. गुणाकार ७५,२४० घन सेंमी, म्हणजे ७५ लीटर. दुकानदार तिला ‘शंभर लीटरची’ म्हणाला होता. त्या आकड्यावर औषध घातलं असतं तर तेहतीस टक्के जास्त पडलं असतं.

टाकी मुख्य टँकपासून दूर ठेवा, शक्यतो दुसऱ्या खोलीत. व्हेलवेट या जीवघेण्या आजाराचे जंतू हवेच्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांबरोबरही प्रवास करतात. आमची टाकी बेडरूममध्ये कपड्यांच्या कपाटाशेजारी आहे. घरच्यांनी यावर काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

तापमान २५ ते २७ अंश. आपल्याकडे हीटरपेक्षा पंख्याची गरज जास्त. क्लिपचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर लावला की बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश उतरतं. जून-जुलैच्या दमट हवेत तो तेवढं काम करत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी घाला, खारं नाही. मीठ टाकीतच राहिलेलं असतं.

२. दुकानात मासा निवडताना

मी कुर्ल्याच्या बाजारात रविवारी सकाळी लवकर जाते. माल आला त्याच दिवशी मासा घेत नाही. पसंत करते, थोडे पैसे देते आणि आठवडाभर दुकानातच ठेवायला सांगते. त्या आठवड्यात तो मेला तर दुकानदाराचं नुकसान होतं हे खरं, म्हणून सगळे ऐकत नाहीत. जो ऐकतो त्याच्याकडून चार पैसे जास्त देऊन घ्या.

कॉपरबँड सात ते दहा सेंमीचा बघा. फार पिल्लू असेल तर अंगात साठाच नसतो, फार मोठा असेल तर तो नवं अन्न शिकत नाही. माशाला समोरून बघा. बाजूनं सगळेच छान दिसतात. समोरून डोळ्यांच्या वर, पाठीच्या सुरुवातीला मांस भरलेलं हवं. तिथे धार आली असेल, सुरीच्या पात्यासारखी, तर त्याची उपासमार आधीच बरीच झाली आहे. मँडरिनचं पोट बघा, ते आत गेलेलं नको. चोचीच्या टोकाला लाली किंवा जखम असेल तर पुढे जा.

मग म्हणा, ‘दादा, याला खायला घालून दाखवा.’ जिवंत आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक खाऱ्या पाण्यातले जीव) का होईना, तो टिपताना डोळ्यांनी दिसला पाहिजे. ‘सकाळीच खाल्लंय’ हे उत्तर मी दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा पैसे दिले.

आणखी एक गोष्ट विचारा: दुकानातल्या पाण्याची ग्रॅव्हिटी, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवरचा खारेपणाचा आकडा, किती? अनेक दुकानं परजीवी आणि खर्च दोन्ही कमी ठेवायला १.०१८ ते १.०२० वर चालवतात. तुमची टाकी आधी त्याच आकड्यावर आणून ठेवा.

३. घरी आल्यावर पहिला तास

पिशवी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, तापमान जुळू द्या. त्यानंतर ती कापा आणि मासा लगेच टाकीत घ्या.

दोन तास थेंब-थेंब पाणी सोडायची पद्धत सगळीकडे सांगतात. लांबून आलेल्या पिशवीसाठी ती धोक्याची आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे पाण्याचा पीएच उतरतो आणि साठलेला अमोनिया बऱ्यापैकी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तुम्ही थेंब मोजत बसता आणि मासा त्यात भाजत असतो. ग्रॅव्हिटी आधीच जुळवून ठेवली असेल तर थेंबांची गरजच नाही.

ग्रॅव्हिटी पुढच्या दिवसांत रोज ०.००१, फार तर ०.००२ नं वर न्या. खाली आणणं माशाला सोपं जातं, वर नेणं जड.

पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. दिवे बंद. पहिल्या रात्री खाणं नाही, बघायला शेजारी बोलावणं नाही.

लेपर्ड रास आणलात तर टाकीत बारीक वाळूचा एक प्लास्टिकचा डबा ठेवा, कारण तो वाळूत झोपतो. हा अपवाद पत्करावा लागतो. आल्या आल्या तो वाळूत गडप होतो आणि कधी कधी दोन-तीन दिवस वर येत नाही. उकरून बघायचा मोह आवरा.

४. पहिले दोन आठवडे: फक्त खाणं

इथे आपला क्रम बदलतो. या काळात औषध नाही. खाल्लेला मासा पुढे औषध सोसतो. उपाशी मासा साधं पाणी बदललेलंही सोसत नाही.

कॉपरबँडची चोच खडकांच्या फटींतून किडे उपटायला बनलेली आहे. वरून पडणारी गोळी हे त्याच्या लेखी अन्नच नव्हे. त्याला फट हवी, आणि फटीत काहीतरी मऊ, ओलं. आपल्याकडे यासाठी जगातली उत्तम वस्तू दारात मिळते: तिसऱ्या.

मी बाजारात पहिल्यांदा सहाच तिसऱ्या मागितल्या तेव्हा आमची नेहमीची कोळीण हसली. ‘सा तिसऱ्यांचं काय कालवण करतेस गो ताई?’ माशाला घालायच्यात म्हटल्यावर तिनं शेजारणीला बोलावून परत सांगायला लावलं. आता ती स्वतःच बारक्या बघून बाजूला काढते.

तिसऱ्या आणल्या की मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा, वाळू सोडू द्या. मग निदान आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. खाडीतल्या शिंपल्याबरोबर परजीवी येऊ शकतात, गोठवल्यानं बरेचसे मरतात. सगळे जिवाणू मात्र मरत नाहीत, म्हणून माल ताजाच घ्यायचा, वास आलेला नाही. श्रावणात आमच्या फ्रीजमध्ये मासळी चालत नाही. त्यावर तोडगा म्हणून सासूबाईंनी ‘औषध’ असं लिहिलेला डबा चालवून घेतला आहे.

देताना सुरीनं शिंपला उघडा, मांस एका शिंपेत राहू द्या, आणि ती शिंप पाइपच्या तोंडाशी तिरकी टेकवा. मग खोलीबाहेर जा. खरंच जा. तुम्ही काचेशी नाक लावून बसलात तर तो मागच्या कोपऱ्यातून हलणार नाही.

माझा तिसरा मासा चौथ्या दिवशी खायला लागला. मी दाराच्या फटीतून बघत होते. तो शिंपेजवळ आला, डोकं वाकडं करून एका डोळ्यानं बघितलं, मागे गेला. असं सात-आठ वेळा. मग चोचीचं टोक मांसाला लावलं आणि झटक्यात मागे आला, जणू चटका बसला. त्यानंतर दहा मिनिटांत अर्धी शिंप साफ.

तासाभरात उरलेलं काढून टाका. ७५ लीटर पाण्यात विसरलेली एक तिसरी रात्रीतून अमोनियाचा गोंधळ घालते. या दिवसांत अमोनिया रोज मोजा आणि गरज पडली तर पाव पाणी बदला.

शिंप लागू झाली की दुसऱ्या अन्नाकडे वळवायचं. त्याच शिंपेत, मांसावर गोठवलेली मायसिस (जवळ्यासारखी बारीक कोळंबी) चेपून बसवा. दोन-तीन दिवसांनी रिकाम्या शिंपेत फक्त मायसिस. मग शिंपेशेजारी पिपेटनं सोडलेली. असं करत तो पाण्यातलं टिपायला शिकतो.

मायसिस महाग पडते. माझा पर्याय ओला जवळा. ताजा, बर्फात फार न भिजलेला जवळा आणून आरओच्या पाण्यात धुवायचा, पातळ थरात गोठवायचा आणि लागेल तसा तुकडा तोडायचा. सुकवलेला जवळा नको. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा साठा मे महिन्यातच करा.

ट्यूबिफेक्स हे बारीक लाल किडे कुठल्याही दुकानात पाण्यात वळवळताना दिसतील आणि कॉपरबँड ते आनंदानं खाईल. मी देत नाही. ते गटाराच्या गाळात वाढतात, आणि एवढी काळजी घेऊन शेवटी ताटात गटार वाढायचं, हे मला पटत नाही.

मँडरिनची गोष्ट वेगळी. तो दिवसभर कोपेपॉड नावाचे सूक्ष्म समुद्री जीव टिपत फिरतो आणि त्याच्या छोट्या पोटात एका वेळी फारसं मावत नाही. त्याला रोज जिवंत आर्टेमियाची पिल्लं द्या. बाटलीत खारं पाणी, खालून हवा, २७-२८ अंश, आणि साधारण २४ तासांत अंडी फुटतात. बाटली अंधारात ठेवून तळाशी टॉर्च लावली की पिल्लं प्रकाशाकडे खाली येतात, टरफलं वर तरंगतात. नळीनं पिल्लं तेवढी काढा. ती ताजीच द्या, काही तासांतच त्यांच्यातला पोषक बलक संपतो. अँथिअसना दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. नोकरी करणाऱ्या एकट्या माणसानं अँथिअस घेऊ नयेत असं माझं मत आहे, आणि ते मी दुकानात मोठ्यानं सांगते.

पुढच्या पायरीवर कधी जायचं? सलग पाच दिवस, दिवसातून दोन वेळा, तुमच्या समोर खाल्लं आणि पाठ भरायला लागली की.

५. डोळे उघडे ठेवा: औषधासाठी थांबून कधी चालत नाही

आल्यापासून रोज एकाच वेळी, मासा शांत असताना, मिनिटाला कल्ल्यांची उघडझाप मोजून वहीत लिहा. बाहेरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा तुमच्या माशाचा कालचा आकडा महत्त्वाचा.

पांढरे ठिपके रव्याच्या कणांएवढे, सुटे, मोजता येतील असे असतील तर बहुधा तो इक, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. तो माशावर तीन ते सात दिवस राहतो, मग गळून तळाशी कोश करतो, आणि त्या एका कोशातून शेकडो पोरं बाहेर पडतात. ठिपके गेले म्हणजे आजार गेला, हा नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज. ते फक्त मुलंबाळं घेऊन परत यायला गेलेले असतात.

पिठीसाखर भुरभुरल्यासारखी बारीक पूड दिसत असेल, मासा पंपाच्या धारेत तोंड घालून धापा टाकत असेल, उजेड टाळत असेल, तर तो व्हेलवेट, अमायलूडिनियम. माझा पहिला कॉपरबँड यानंच गेला. मी अंगावर पूड दिसायची वाट बघत राहिले, पण कल्ल्यांत ती आधीच भरलेली होती. व्हेलवेटचा संशय आला तर खाणंबिणं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कॉपर सुरू करा. उलट्या क्रमाला अपवाद तो हाच.

पंखाच्या कडेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी पांढरी गाठ दिसली तर घाबरू नका. ती बहुधा लिम्फोसिस्टिस, विषाणूची. बटरफ्लाय जातीत नेहमी दिसते. त्यावर औषध नाही आणि लागतही नाही; मासा खायला लागला की सहसा आपोआप विरते. माझ्या ओळखीत एकानं या गाठीपायी महिनाभर कॉपर चालवलं होतं.

६. आता औषध

आधी जंत आणि फ्ल्यूक, म्हणजे कातडीला आणि कल्ल्यांना चिकटणारे चपटे किडे. काळं घमेलं इथे लागतं. त्यात आरओचं गोडं पाणी घ्या, तापमान टाकीएवढं करा, चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा घालत पीएच टाकीशी जुळवा, एअर स्टोन सोडा. मासा त्यात जास्तीत जास्त पाच मिनिटं. तो आडवा पडून दचके देईल, पण तोल पूर्ण सोडला आणि हलेना झाला तर लगेच बाहेर. कातडीवरचे फ्ल्यूक एरवी पारदर्शक असतात. गोड्या पाण्यात ते पांढरे पडून गळतात आणि काळ्या तळावर तिळासारखे दिसतात. पांढऱ्या बादलीत यातलं काही दिसलं नसतं.

काही दिसो वा न दिसो, मी प्राझिक्वांटेल देतेच. लीटरला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे माझ्या ७५ लीटरला साधारण १९० मिलिग्रॅम, काट्यावर ०.१९ ग्रॅम. पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, झाकणाच्या बाटलीत टाकीचंच पाणी घेऊन बराच वेळ हलवा. हवा वाढवा, कारण औषधानं बॅक्टेरिया माजतात आणि ऑक्सिजन उतरतो. फ्ल्यूकच्या अंड्यांना या औषधानं काही होत नाही, म्हणून पाच ते सात दिवसांनी दुसरा डोस. दोन्हींच्या मध्ये निम्मं पाणी बदला. रास जातीच्या काही माशांना हे औषध झेपत नाही. तिथे मी घमेल्यावरच भागवते.

मग कॉपर. बाजारात दोन प्रकार मिळतात आणि त्यांचे आकडे वेगळे असतात. आयॉनिक कॉपरची काम करणारी पातळी ०.५ पीपीएमच्या (लीटरला मिलिग्रॅमच्या) आसपास, चिलेटेडची २ पीपीएमच्या वर. एकाचा आकडा दुसऱ्याला लावलात तर एक तर औषध काहीच करत नाही किंवा मासा संध्याकाळपर्यंत टिकत नाही. नाजूक माशाला मी चिलेटेडच वापरते. त्याची सुरक्षित पट्टी रुंद असते. नेमकी पातळी तुमच्या बाटलीवरची पाळा.

ही पातळी एका दिवसात गाठायची नाही. मी रोज पाव पीपीएम वाढवते, म्हणजे दोनपर्यंत यायला आठ दिवस लागतात. रोज औषधाआधी खायला घालते. एखाद्या दिवशी त्यानं तोंड फिरवलं तर त्या दिवशी वाढ नाही, आहे तिथेच थांबायचं. मात्र उपचाराचे दिवस मोजायचे ते पूर्ण पातळी गाठल्यापासून. चढत्या आठवड्यातले धरायचे नाहीत.

पाणी बदलताना नव्या पाण्यात तेवढंच कॉपर आधी मिसळून घ्या. हे विसरून मी एकदा पातळी १.४ वर आणली होती आणि अकरा दिवस झालेला उपचार पुन्हा पहिल्यापासून मोजला. दुसरा सापळा: अमोनिया मारणारी द्रव औषधं कॉपर असताना घालू नका. त्यांतली अनेक कॉपरचं रूप बदलून ते जास्त विषारी करतात. अमोनिया वाढला तर उपाय एकच, कॉपर मिसळलेलं नवं पाणी.

पूर्ण पातळीवर १४ दिवस झाले की मासा दुसऱ्या, कोरड्या ठणठणीत टाकीत हलवा. माशावरचे परजीवी तोपर्यंत गळून गेलेले असतात आणि पाण्यात फिरणारी पिल्लं कॉपरनं मारलेली असतात, पण जुन्या टाकीच्या काचेवर कोश शिल्लक असू शकतात. म्हणून टाकी बदलायची. दुसरी टाकी ठेवणं जमणार नसेल तर त्याच टाकीत ३० दिवस काढा. दुसऱ्या टाकीसाठीचा स्पंज संपमधून काढलेला नवा हवा, कॉपरमधला नको.

मँडरिनला मी कॉपर देत नाही. त्याच्या अंगावर जाड बुळबुळीत थर असतो, इक त्याला क्वचितच दिसतो, आणि उपासमारीचा धोका आजारापेक्षा मोठा असतो. त्याला फक्त खाऊ घालत सहा आठवडे नजरेखाली ठेवते. यात धोका आहे. तो कोशातून आलेलं काहीतरी बरोबर घेऊन येऊ शकतो. हा धोका नको असेल तर मँडरिन सगळ्यात आधी आणा, बाकीच्या माशांच्या आधी.

७. मुख्य टँकमध्ये

नव्या टाकीत आणखी दहा दिवस बिनऔषधाचे जाऊ द्या. लपलेलं काही असेल तर इथे वर येतं. सगळे मिळून साडेसात-आठ आठवडे होतात. एवढे थांबणं जड वाटत असेल तर माझा हिशोब ऐका: पहिल्या चुकीनंतर मला मुख्य टँक ७६ दिवस माशांशिवाय चालवावा लागला होता, कारण व्हेलवेटबरोबर इकही आला नसेल याची खात्री नसते, आणि इकचे कोश सत्तरेक दिवस टिकल्याची नोंद आहे. ७६ दिवस रोज संध्याकाळी रिकाम्या पाण्यात लाइट लावायचा.

मुख्य टँकमध्ये टँग जातीचे मासे असतील तर ते नवख्याला पळवून पळवून उपाशी ठेवतात. मी जाळीचा डबा टँकमध्ये लटकवून कॉपरबँडला त्यात चार दिवस ठेवलं. सगळ्यांनी त्याला बघून घेतलं, आणि त्यानं त्याच जुन्या शिंपेतून त्यांच्यासमोर खाल्लं. सोडल्यावरही पहिला महिना शिंप रोज एकाच कोपऱ्यात, एकाच वेळी. बाकीच्यांना त्याच वेळी दुसऱ्या टोकाला गोळ्या.

कॉपरच्या टाकीतला स्पंज परत संपमध्ये टाकू नका. कोरल, शंख, कोळंबी यांना कॉपर अगदी थोडं असलं तरी मारतं. तो फेकून द्या. टाकी, पाइप, नळी धुऊन उन्हात कडकडीत वाळवा, टेप लावलेल्या बादलीत भरून ठेवा, आणि त्याच दिवशी संपमध्ये दोन नवे स्पंज टाकून ठेवा. पुढचा मासा आला म्हणून दुकानातून फोन येतो तेव्हा महिना हातात नसतो.